पिव्हट टेबलमधल्या ओळी फिल्टर करताना: कुठे लावायचा आणि बेरीज कुठे बघायची

विक्रीचा महिन्याचा रिपोर्ट तयार असतो, पिव्हट टेबल (ओळींची गटवार बेरीज करून दाखवणारा तक्ता) नीट बसलेलं असतं, आणि साहेबांचा निरोप येतो: 'यातले पाच लाखांच्या वरचे तालुके तेवढे ठेवा.' काम दोन क्लिकचं. पण पिव्हटमध्ये हेच काम चार वेगवेगळ्या जागांवरून करता येतं. चारही वेळा तालुक्यांची यादी सारखीच दिसते, खालची एकूण बेरीज मात्र सारखी येईलच असं नाही. नवीन माणसाला फिल्टर लावता येतो. 'मागच्या वेळी चाळीस लाख होते, आज चौतीस कसे?' या प्रश्नाला उत्तर देता येत नाही.

म्हणून कुठलं बटण कुठे आहे हे सांगता सांगता प्रत्येक फिल्टरपाशी एक प्रश्न विचारत जाऊ: हा ओळी काढतो तो बेरीज होण्याआधी, बेरीज झाल्यावर, की नुसता डोळ्यांपुढून? बहुतेक ऑफिसांत हे काम एक्सेलमध्येच चालतं, त्यामुळे मुख्य मुक्काम तिथेच. पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) आणि गूगल शीट्समध्ये काय वेगळं आहे ते शेवटाकडे.

डेटा कसा हवा

उदाहरणादाखल नाशिकची एक खतं-बियाण्यांची घाऊक पेढी घेऊ. आकडे सगळे कल्पित आहेत. विक्रीच्या शीटमध्ये सात रकाने: तारीख, जिल्हा, तालुका, दुकानदार, प्रकार (खत, बियाणे, औषध), प्रतिनिधी, रक्कम. एका बिलाची एक ओळ. मध्ये रिकामी ओळ नाही, कुठल्याही रकान्याचं शीर्षक रिकामं नाही, आणि प्रत्येक जिल्ह्याखाली हाताने घातलेली 'एकूण'ची ओळ तर अजिबात नाही. अशी ओळ राहिली की पिव्हट तिलाही एक बिल समजून बेरजेत धरतो.

डेटावर कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा, म्हणजे त्याचं एक्सेल टेबल होईल. पुढच्या महिन्याच्या ओळी खाली चिकटवल्या की टेबल आपोआप वाढतं आणि पिव्हटला 'रिफ्रेश' म्हटलं की त्या आत येतात. मग 'इन्सर्ट'मधून 'पिव्हट टेबल' घ्या. जिल्हा आणि तालुका 'रोज'मध्ये (Rows, म्हणजे ओळींच्या चौकटीत) ओढा, रक्कम 'व्हॅल्यूज'मध्ये. रकमेपुढे 'सम'ऐवजी 'काउंट' आलं, तर त्या रकान्यात कुठेतरी मजकूर किंवा रिकामा सेल आहे. आधी तो शोधा, फिल्टर नंतर.

मांडणी बदला, मगच बाणाला हात लावा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि पुढे गोंधळतात. पिव्हट सुरुवातीला 'कॉम्पॅक्ट' मांडणीत येतो. जिल्हा आणि त्याच्या पोटात तालुका, दोन्ही एकाच रकान्यात, आणि वर 'रो लेबल्स' असं लिहिलेला एकच बाण. तो बाण उघडल्यावर जी यादी दिसते ती जिल्ह्यांची की तालुक्यांची? यादीच्या वर 'सिलेक्ट फील्ड' नावाचा एक छोटा चौकोन असतो, तिथे जे निवडलेलं असेल त्याची. तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. मनात तालुका असतो आणि पाच लाखांचा फिल्टर बसतो जिल्ह्यावर. जिल्हे सगळेच पाच लाखांच्या वर असतात, त्यामुळे काहीच बदलत नाही आणि 'फिल्टर चालत नाही' अशी तक्रार येते.

उपाय सोपा आहे. पिव्हटवर क्लिक करा, वर 'डिझाइन' टॅब, त्यात 'रिपोर्ट लेआउट', आणि त्यात 'शो इन टॅब्युलर फॉर्म'. आता जिल्ह्याचा रकाना वेगळा, तालुक्याचा वेगळा आणि प्रत्येकाला स्वतःचा बाण. तिथेच 'रिपीट ऑल आयटम लेबल्स' केलंत तर प्रत्येक ओळीपुढे जिल्ह्याचं नावही येईल. यापुढचं सगळं या मांडणीत आहे असं धरा.

टिकांचा फिल्टर

तालुक्याचा बाण उघडा, नको त्या नावांवरची टिक काढा, ओके. याहून सोपं म्हणजे हवे ते सेल कंट्रोल धरून निवडा, राइट क्लिक, 'फिल्टर', 'कीप ओन्ली सिलेक्टेड आयटम्स'. नकोसे निवडले असतील तर त्याच मेनूत 'हाइड सिलेक्टेड आयटम्स'.

यादी मोठी असेल तर वरच्या शोधचौकटीत नाव टाइप करता येतं. पण 'निफाड' शोधून ओके केलं आणि मग पुन्हा बाण उघडून 'येवला' शोधून ओके केलं, तर निफाड जातो, एकटा येवला उरतो. दुसऱ्या शोधाच्या वेळी यादीत 'अॅड करंट सिलेक्शन टु फिल्टर' अशी ओळ येते, तिच्यावर टिक करायची. मग दोन्ही राहतात.

टिकांच्या फिल्टरचं एक दुखणं महिनाभराने कळतं. समजा तुम्ही चांदवडवरची टिक काढून ठेवली. पुढच्या महिन्यात देवळ्यात पहिल्यांदाच माल गेला. रिफ्रेश केल्यावर देवळा दिसेल का? सहसा नाही. तुमच्या लेखी तुम्ही फक्त चांदवड वगळलं होतं, एक्सेलच्या लेखी तुम्ही उरलेली नावं निवडली होती. देवळा त्या नावांत नव्हता. हे नको असेल तर तालुक्याच्या नावावर राइट क्लिक, 'फील्ड सेटिंग्ज', आणि 'इन्क्लूड न्यू आयटम्स इन मॅन्युअल फिल्टर'वर टिक. दर महिन्याला चालणाऱ्या रिपोर्टात मी ही टिक असल्याशिवाय हाताचा फिल्टर ठेवतच नाही. आपोआप आलेली जास्तीची ओळ डोळ्यांना दिसते, न आलेली दिसत नाही.

नावावरून

बाणातच 'लेबल फिल्टर्स' आहे: अमुक अक्षरांनी सुरू होणारे, अमुक शब्द असलेले, अमुक नसलेले. दुकानदारांच्या नावात 'कृषी सेवा केंद्र' असलेले सगळे हवे असतील तर 'कंटेन्स' घ्या. तारकाचिन्ह म्हणजे कितीही अक्षरं आणि प्रश्नचिन्ह म्हणजे एक अक्षर, हे इथेही चालतं.

मात्र मराठीत भरलेल्या डेटात लेबल फिल्टर लावण्याआधी यादी एकदा सावकाश वाचा. 'कोपरगाव' आणि 'कोपरगांव' या एक्सेलच्या दृष्टीने दोन वेगळ्या जागा आहेत. शेवटी चुकून एक स्पेस पडलेला 'संगमनेर' हाही वेगळा. अनुस्वारावरून फुटलेला तालुका दोन ओळींत वाटला जातो, दोन्ही ओळी पाच लाखांच्या खाली राहतात, आणि रकमेचा फिल्टर लावला की खरा सहा लाखांचा तालुका रिपोर्टातून गायब होतो. हे फिल्टरने दुरुस्त होत नाही. मूळ शीटमध्येच 'फाइंड अँड रिप्लेस' करावं लागतं.

रकमेवरून

साहेबांना हवा होता तो हा. तालुक्याचा बाण, 'व्हॅल्यू फिल्टर्स', 'ग्रेटर दॅन'. चौकटीत 'रक्कम' निवडलेली आहे ना बघा आणि 500000 असा सलग आकडा लिहा. लाखाचे स्वल्पविराम नकोत.

हा फिल्टर बिलाची रक्कम बघत नाही. आधी प्रत्येक तालुक्याची बेरीज होते, मग त्या बेरजेला पाच लाखांशी ताडून बघितलं जातं. पाच लाखांवरची बिलं हवी असतील तर तो वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मूळ शीटमध्ये आहे. पिव्हटमध्ये महिने आडवे, म्हणजे 'कॉलम्स'मध्ये असतील, तरी हा फिल्टर उजवीकडच्या एकूण रकान्यावरच ठरतो. एप्रिलमध्ये पाच लाखांच्या वर गेलेले तालुके हवे असतील तर आधी एप्रिल तेवढा निवडावा लागतो, मग रकमेची अट.

याच मेनूच्या तळाशी 'टॉप १०' आहे. नावात दहा असले तरी आकडा तुमचा, आणि 'टॉप'च्या जागी 'बॉटम' केलं तर तळाचे. तिसऱ्या चौकटीत तीन पर्याय आहेत आणि तिथे थांबून विचार करावा लागतो. 'आयटम्स' म्हणजे इतकी नावं. 'सम' म्हणजे वरून मोजत गेल्यावर ज्यांची बेरीज अमुक रकमेपर्यंत पोचते ती नावं. आणि 'पर्सेंट' म्हणजे एकूण विक्रीचा अमुक टक्के हिस्सा ज्यांच्यात भरतो ती नावं. ८० लिहिलंत तर दुकानदारांपैकी ८० टक्के येणार नाहीत. ८० टक्के धंदा देणारे येतील, ते कदाचित मोजकेच असतील. वसुलीच्या मीटिंगला जाताना याहून उपयोगी फिल्टर मला माहीत नाही.

आणखी दोन बारकावे. दहाव्या क्रमांकावर दोघांची रक्कम सारखी असेल तर अकरा नावं येतात. आणि रोजमध्ये तालुका बाहेर, दुकानदार आत असा क्रम असताना दुकानदारावर 'टॉप ३' लावला तर तो प्रत्येक तालुक्यातले पहिले तीन देतो, सगळ्या पेढीतले तीन नव्हे. पेढीतले पहिले तीन हवे असतील तर तालुका रोजमधून काढा.

आता नेहमीची अडचण. रकमेचा फिल्टर लावला, त्यानंतर त्याच तालुक्याच्या रकान्यावर लेबल फिल्टर लावला, आणि पहिला गुपचूप निघून गेला. एक्सेल मुळात एका फील्डवर एकाच जातीचा फिल्टर ठेवतो. पिव्हटवर राइट क्लिक, 'पिव्हट टेबल ऑप्शन्स', 'टोटल्स अँड फिल्टर्स' टॅब, आणि 'अलाउ मल्टिपल फिल्टर्स पर फील्ड'वर टिक करा. मग टिका, लेबल आणि रक्कम तिन्ही एकत्र नांदतात.

चाळीसाचे चौतीस कसे झाले

समजा नाशिक जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांची विक्री अशी आहे: निफाड १८ लाख, येवला ९, सिन्नर ७, चांदवड ४, देवळा २. एकूण ४० लाख. रकमेच्या रकान्यावर राइट क्लिक करून 'शो व्हॅल्यूज अॅज', 'पर्सेंट ऑफ ग्रँड टोटल' केलं तर निफाडपुढे ४५ टक्के येतात.

आता पाच लाखांच्या वरचा फिल्टर लावा. निफाड, येवला, सिन्नर राहिले. ग्रँड टोटल झाला ३४ लाख, आणि निफाड गेला ५२.९४ टक्क्यांवर. निफाडमध्ये एक पोतंही जास्त विकलं गेलेलं नाही. साध्या पिव्हटमध्ये 'ग्रँड टोटल' म्हणजे दिसणाऱ्या ओळींची बेरीज, आणि टक्केवारी तिच्यावरच निघते. हे चूक नाही. 'मोठ्या तालुक्यांत निफाडचा वाटा किती' या प्रश्नाचं हे बरोबर उत्तर आहे. पण साहेब विचारत असतात 'जिल्ह्यात निफाडचा वाटा किती', आणि त्याचं उत्तर ४५च.

चाळीस लाखांची बेरीज आणि ४५ टक्के तसेच ठेवून लहान तालुके फक्त नजरेआड करायचे असतील तर दोन वाटा आहेत.

पहिली वाट थोडी चोरवाट आहे. पिव्हटच्या आतल्या सेलवर उभं राहिलं की 'डेटा' टॅबमधलं नेहमीचं 'फिल्टर' बटण बंद दिसतं. पण पिव्हटच्या शीर्षक-ओळीतल्या शेवटच्या सेलला लागून उजवीकडे असलेला, पिव्हटच्या बाहेरचा रिकामा सेल निवडा आणि मग ते बटण दाबा. रकमेच्या शीर्षकालाही बाण फुटतो. हा साधा शीटवरचा फिल्टर आहे: तो फक्त ओळी लपवतो, पिव्हटच्या हिशेबाला हात लावत नाही. बेरीज ४० लाख, निफाड ४५ टक्के, आणि चांदवड-देवळा अदृश्य. याला मर्यादा आहेत. ग्रँड टोटलची ओळही या फिल्टरला एक साधी ओळच वाटते, म्हणून इथे पहिले तीन तालुके हवे असतील तर चार मागावे लागतात. रिफ्रेश केल्यावर तो स्वतःहून पुन्हा लागत नाही. आणि शीटच्या अख्ख्या ओळी लपत असल्यामुळे शेजारी ठेवलेलं दुसरं काही असेल तर तेही त्यात जातं. एकदाच प्रिंट काढायची असेल तर ठीक, कायमच्या रिपोर्टात नको.

दुसरी वाट रीतसर आहे. पिव्हट बनवतानाच्या चौकटीत खाली 'अॅड धिस डेटा टु द डेटा मॉडेल' अशी टिक असते. ती करून पिव्हट बनवला असेल तर 'डिझाइन' टॅबमधल्या 'सबटोटल्स'च्या यादीत 'इन्क्लूड फिल्टर्ड आयटम्स इन टोटल्स' हा पर्याय जिवंत होतो. साध्या पिव्हटमध्ये तो राखाडी, मेलेला दिसतो. दर महिन्याला जाणाऱ्या रिपोर्टासाठी ही वाट धरा, आणि ग्रँड टोटलजवळ 'लपवलेल्या तालुक्यांसह' असं एका ओळीत लिहून टाका. नाहीतर कोणीतरी कॅल्क्युलेटर काढून दिसणाऱ्या तीन ओळी जोडणार, ३४ येणार, आणि फोन तुम्हालाच येणार.

वरचा फिल्टर आणि स्लायसर

'प्रकार' हे फील्ड 'फिल्टर्स'च्या चौकटीत ओढलं की ते पिव्हटच्या डोक्यावर जाऊन बसतं. तिथे 'खत' निवडलं की बियाणे-औषधांची बिलं बेरजेला येण्याआधीच बाहेर राहतात. मग जे उरेल त्याची तालुकावार बेरीज, आणि त्या बेरजेवर तुमचा पाच लाखांचा फिल्टर. म्हणजे सिन्नरच्या ७ लाखांत खत ३ लाखांचंच असेल, तर 'खत' निवडताच सिन्नर यादीतून जातो. कोणी त्याला काढलेलं नसतं. अट तीच, पण ती आता लहान झालेल्या बेरजेला लागते. एसक्यूएल येणाऱ्यांना सांगायचं तर वरचा फिल्टर म्हणजे 'व्हेअर' आणि रकमेचा म्हणजे 'हॅविंग'.

वरच्या फिल्टरमध्ये 'सिलेक्ट मल्टिपल आयटम्स' करून दोन प्रकार निवडले की सेलमध्ये नुसतं 'मल्टिपल आयटम्स' दिसतं. कोणते दोन, हे कागदावर कळत नाही. म्हणून मी शक्य तिथे स्लायसर लावतो: पिव्हटवर क्लिक, 'इन्सर्ट', 'स्लायसर', फील्डवर टिक. निवडलेली नावं रंगीत बटणांत दिसत राहतात. स्लायसर एक्सेल २०१० पासून आहेत आणि तारखांसाठीची टाइमलाइन २०१३ पासून, त्यामुळे एखाद्या शाखेत फारच जुनी आवृत्ती असेल तर तिकडे ती चालणार नाहीत.

एक फील्ड 'फिल्टर्स' आणि 'रोज' अशा दोन्ही चौकटींत एकाच वेळी राहत नाही, पण रोजमधल्या फील्डवर स्लायसर लावता येतो. तो लावल्याने दुसरा वेगळा फिल्टर तयार होत नाही. बाणातल्या टिका आणि स्लायसरची बटणं ही एकाच निवडीची दोन तोंडं आहेत. एकाच डेटावरच्या तीन पिव्हटना एका स्लायसरने चालवायचं असेल तर स्लायसरवर राइट क्लिक करून 'रिपोर्ट कनेक्शन्स'मध्ये तिघांवर टिक करा.

तारखा: एप्रिलपासून मार्चपर्यंत

तारखेच्या बाणात 'डेट फिल्टर्स' दिसतात: हा महिना, ही तिमाही, हे वर्ष, अमुक ते अमुक. त्याऐवजी 'लेबल फिल्टर्स' एवढंच दिसत असेल तर तारखा मजकूर म्हणून बसलेल्या आहेत. कॉम्प्युटरची प्रादेशिक सेटिंग अमेरिकी असली की हे हमखास होतं. तिथे महिना आधी आणि दिवस नंतर, त्यामुळे १३/०४/२०२५ ही तारीख त्याला तारीखच वाटत नाही. त्याहून वाईट म्हणजे ०५/०४/२०२५ त्याला वाटते, पण ५ एप्रिलची ४ मे होते. फिल्टर लावण्याआधी प्रत्येक महिन्याच्या १२ तारखेनंतरच्या दोन-चार ओळी तपासा.

तारखा नीट असल्या तरी एक पाचर राहते. एक्सेलचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. 'क्वार्टर १' म्हणजे त्याच्या लेखी जानेवारी ते मार्च. आपल्या हिशेबात ती आर्थिक वर्षाची चौथी तिमाही. 'धिस इयर' म्हटलंत की जानेवारी ते डिसेंबर येणार आणि ताळेबंदाशी काहीच जुळणार नाही. महिने गटांत बांधले तरी तिमाहीचा क्रमांक तसाच येतो. आर्थिक वर्षासाठी मेनूत सोय नाही, म्हणून मूळ टेबलात एक रकाना वाढवा: तारखेचं वर्ष घ्यायचं, महिना जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च असेल तर त्यातून एक वजा करायचा. फेब्रुवारी २०२६ पुढे २०२५ येईल, आणि तेच २०२५-२६ हे आर्थिक वर्ष. शेजारी तिमाहीचा रकाना: एप्रिल ते जून १, जुलै ते सप्टेंबर २, ऑक्टोबर ते डिसेंबर ३, बाकीचे ४. या दोन रकान्यांवर स्लायसर लावला की तारखांचं भांडण संपतं. एका तुटक कालावधीसाठी, म्हणजे खरिपाच्या जून ते सप्टेंबरसाठी वगैरे, 'बिट्वीन'चा फिल्टर पुरेसा.

न जाणारी नावं आणि 'ब्लँक'

अहमदनगर जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये. जुन्या-नव्या डेटात दोन्ही नावं असतील तर पिव्हट दोन जिल्हे दाखवणार. मूळ शीटमध्ये नाव एकसारखं करून घ्या. ते केल्यावर रिफ्रेश करूनही बाणाच्या यादीत 'अहमदनगर' तसंच दिसत राहील. डेटात नाही, पिव्हटच्या आठवणीत आहे. 'पिव्हट टेबल ऑप्शन्स', 'डेटा' टॅब, 'नंबर ऑफ आयटम्स टु रिटेन पर फील्ड' इथे 'नन' करा आणि पुन्हा रिफ्रेश करा. मग जातं.

'ब्लँक' नावाची ओळ दिसली की तिची टिक काढून मोकळं व्हायचा मोह होतो. काढू नका. तिच्या रकमेवर डबल क्लिक करा, नव्या शीटवर त्या ओळी उघडतील. तालुका न भरलेली ती बिलं आहेत, आणि त्यांतली रक्कम कुठल्यातरी तालुक्याची आहे.

पॉवर बीआय आणि गूगल शीट्समध्ये

पॉवर बीआयमध्ये पिव्हटसारखं दिसणारं जे आहे त्याला मॅट्रिक्स म्हणतात. फिल्टर उजवीकडच्या पट्टीत, तीन मजल्यांवर: फक्त या व्हिज्युअलवर (म्हणजे या एका तक्त्यावर किंवा आलेखावर), या पानावर, सगळ्या पानांवर. 'टॉप एन' फक्त व्हिज्युअलच्या मजल्यावर मिळतो. मेजरवरची (सूत्र लिहून काढलेल्या आकड्यावरची) अट, म्हणजे 'एकूण विक्री पाच लाखांच्या वर' अशी, तीही तिथेच. मेजरला स्लायसरमध्ये टाकता येत नाही.

एक्सेलहून आलेला माणूस 'टॉप एन'ला अडखळतो. मॅट्रिक्समध्ये तालुका बाहेर, दुकानदार आत ठेवून दुकानदारावर टॉप ३ लावला तर सगळ्या पेढीतले तीनच दुकानदार येतात; प्रत्येक तालुक्यातले तीन हवे असतील तर 'रँकएक्स' वापरून क्रमांकाचं मेजर लिहावं लागतं. टक्केवारीचा घोळही इथे मेजरमध्येच सुटतो: भागाकाराच्या खालच्या बाजूला 'ऑल' हे फंक्शन वापरलं तर तालुक्यांची निवड काहीही असो, वाटा सगळ्या तालुक्यांच्या बेरजेवर निघतो, 'ऑलसिलेक्टेड' वापरलं तर वाचणाऱ्याने स्लायसरमध्ये जे निवडलं त्यावर. आणि कुठल्याही व्हिज्युअलच्या कोपऱ्यातल्या गाळणीच्या चिन्हावर माउस नेला की त्यावर काय काय लागलंय त्याची यादी दिसते. आकडा पटला नाही तर आधी तिथे बघा.

गूगल शीट्सचा पिव्हट फिल्टर मूळ ओळींवर चालतो. तिथे 'रक्कम पाच लाखांपेक्षा जास्त' अशी अट घातली तर ती प्रत्येक बिलाला लागते, तालुक्याच्या बेरजेला नाही, आणि बहुतेक सगळा पिव्हट रिकामा होतो. बेरजेवर गाळायचं असेल तर पिव्हटच्या बाजूला 'फिल्टर' किंवा 'क्वेरी' फॉर्म्युल्याने दुसरी यादी काढावी लागते.

फाइल पाठवण्याआधी

मूळ टेबलातल्या रकमेच्या रकान्याची बेरीज काढा आणि पिव्हटच्या ग्रँड टोटलशी जुळवा. फरक असेल तर तो कुठल्या फिल्टरचा हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, आणि तेच वाक्य रिपोर्टच्या वर टाका: 'फक्त खत, पाच लाखांवरील तालुके, एप्रिल ते जून.' सगळं गुंतलं असेल तर 'पिव्हट टेबल अॅनालाइज' टॅबमधल्या 'क्लिअर'मध्ये 'क्लिअर फिल्टर्स' आहे. त्याने मांडणी मोडत नाही, फक्त गाळण्या निघतात.

प्रत्येक प्रतिनिधीला त्याच्यापुरता रिपोर्ट द्यायचा असेल तर प्रतिनिधी हे फील्ड वरच्या फिल्टरमध्ये टाका आणि 'पिव्हट टेबल अॅनालाइज' टॅबमधल्या 'ऑप्शन्स'शेजारच्या छोट्या बाणातून 'शो रिपोर्ट फिल्टर पेजेस' घ्या. प्रत्येक नावाची वेगळी शीट एका झटक्यात तयार होते. पण ही शीट वेगळी फाइल करून तशीच ईमेल करू नका. फिल्टर ओळी दडवतो, काढून टाकत नाही. पिव्हटबरोबर सगळ्या डेटाची प्रत फाइलमध्ये जाते, आणि समोरच्याने वरचा बाण उघडून 'ऑल' केलं की त्याला सहकाऱ्यांची विक्रीही दिसते. एखाद्या बेरजेवर डबल क्लिक केलं की दुकानदारांची नावं आणि बिलंसुद्धा. मूळ शीट डिलीट करूनही हे थांबत नाही. पीडीएफ काढून पाठवा, नाहीतर पिव्हट कॉपी करून कोऱ्या फाइलमध्ये 'पेस्ट व्हॅल्यूज' करा. पॉवर बीआयमध्येही फिल्टर लपवणं किंवा कुलूपबंद करणं ही वाचणाऱ्याची सोय आहे, बंदोबस्त नाही. ज्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच दाखवायचं तर 'रो लेव्हल सिक्युरिटी'च्या भूमिका बांधाव्या लागतात, आणि रिपोर्ट वाटण्याआधी 'व्ह्यू अॅज'मधून प्रत्येक भूमिकेच्या नजरेने तो एकदा उघडून बघावा लागतो.